एमआरआयची रंगीत तालीम

शुक्रवारी म्हापशाचा बाजार असतो, म्हणून आमच्या स्कॅन सेंटरातही शुक्रवारी गर्दी. पेडणे, डिचोली, दोडामार्गाकडची माणसं एका खेपेत दोन्ही कामं उरकतात. अशाच एका शुक्रवारी दोडामार्गाकडच्या एक काकी कमरेच्या एमआरआयला आल्या. मिरच्यांची पिशवी त्यांनी माझ्या टेबलाखाली ठेवली. मी त्यांना झोपवलं, घाबरल्यास दाबायचा रबरी फुगा हातात दिला, टेबल यंत्राच्या नळीत सरकवलं. खांदे आत गेले न गेले तोच फुगा दाबला. बाहेर काढलं तर घामाने चिंब. "माका भितर गुदमारता. माका नको." बाहेर मुलगा करवादला, "आई, पैसे भरलेत गो!" काकी रडायला लागल्या आणि मिरच्यांची पिशवी तिथेच विसरून गेल्या.

मी चौदा वर्षं हे काम करते. असे पेशंट नवे नव्हते, पण त्या संध्याकाळी अस्नोड्यावरून डिचोलीला जाणाऱ्या बसमध्ये मला बाबा आठवले. बाबा गावच्या जत्रेतल्या नाटकांना प्रॉम्प्टिंग करायचे. कितीही मुरलेला नट असो, रंगीत तालमीशिवाय त्याला कुणी प्रयोगाला उभा करत नसे. आणि आम्ही काकींना एकदम पडदा वर करून आत ढकललं होतं. त्यानंतर वरिष्ठ डॉक्टरांच्या मागे लागून मी व्हीआरचा, म्हणजे डोळ्यांसमोर आभासी जग उभं करणारा, हेडसेट मागवून घेतला. आमचे पेशंट त्याला 'चष्मा' म्हणतात, म्हणून मीही चष्माच म्हणते. त्याने तालीम कशी घ्यायची ते सांगते. माझ्यासारखे टेक्निशियन, नर्स, किंवा घरात घाबरट पेशंट असलेलं कुणीही हे करू शकेल, पण आधी डॉक्टरांना विचारून.

समुद्र नको, बोगदा दाखवा

चष्मा आला तेव्हा प्रत्येकाने एकच सल्ला दिला: समुद्र दाखव. गोव्यात राहून दुसरं काय सुचणार! मीही आधी तेच केलं. लाटा, माड, मावळतीचं ऊन. पेशंट खूश. मग चष्मा काढला, पेशंट नळीत गेला, आणि समुद्र तर नाहीच, वर नाकासमोर पांढरं प्लास्टिक आणि कानात धडधडाट. भीती जशीच्या तशी, उलट फसवल्याची भावना वाढली.

माणूस अंधाऱ्या, अरुंद जागेला सहसा घाबरत नाही, अनोळखी अंधाऱ्या, अरुंद जागेला घाबरतो. कोकण रेल्वेने मुंबईकडे जाताना रत्नागिरीच्या पुढे करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा. त्यात कुणी ओरडत नाही, डबा उघडून पोहे खातात. कारण पलीकडे उजेड येणार हे माहीत असतं. तेव्हा चष्म्यात आधी एमआरआयची खोलीच दाखवायची, तीच नळी, तेच आवाज. जागेशी ओळख झाल्यावर पाहिजे तर समुद्र.

ही कल्पना माझी नव्हे. स्पेनमधल्या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली बंद जागेच्या भीतीवर व्हीआर वापरल्याचा अहवाल छापला होता. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलने मुलांसाठी एमआरआयची ३६० अंशांची चित्रफीत करून ती फोन आणि पुठ्ठ्याच्या चष्म्यावर पाहता येईल असं मोफत ॲप काढलं. आपल्याकडे अडचण भाषेची. इंग्रजीतून "रिलॅक्स" म्हटलेलं ऐकून डिचोलीची आजी रिलॅक्स होत नाही.

चष्मा दाराच्या आत जात नाही, म्हणजे नाहीच

बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका. एमआरआयचा चुंबक चोवीस तास चालू असतो. स्कॅन नसला तरी, रात्री दिवे मालवले तरी. आमचं यंत्र १.५ टेस्लाचं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण तीस हजार पट. चष्म्यात बॅटरी, स्पीकर, बारीक स्क्रू. तो आत गेला तर हातातून सुटून नळीकडे झेपावेल आणि मध्ये ज्याचं डोकं असेल त्याला लागेल. एकदा आमची शिकाऊ मुलगी गळ्यात चष्मा अडकवून पेशंटला दारापर्यंत सोडायला निघाली. मी दारातच होते म्हणून निभावलं. त्या दिवसापासून चष्म्याला तांबडी रिबन आहे आणि तो ज्या खोलीत असतो ती चुंबकाच्या खोलीपासून दोन दारं अलीकडे आहे. चुंबकाजवळ चालतील असे खास गॉगल मिळतात, पण ती वेगळी आणि महाग वस्तू. तुमच्या हातातला तो नव्हे.

कुणाला लावू नये

आधी विचारा: फिट येते का? चक्कर, व्हर्टिगो? आता मळमळतंय का? डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय का, डोळे आलेत का? पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, डोक्यातलं पाणी उतरवायला बसवलेली नळी, म्हणजे शंट? चष्म्यांच्या काही भागांत लहान चुंबक असतात, म्हणून असं काही शरीरात असेल तर चष्मा नकोच. आणि त्या पेशंटचा एमआरआय करायचा का नाही हाच आधी वेगळा प्रश्न असतो, तो डॉक्टरांचा. लहान मुलांसाठी कंपनीने वयाची अट दिलेली असते, ती डब्यावर वाचा. आमच्याकडे त्याहून लहान मुलांना मी फोनवरच चित्रफीत दाखवते आणि आईला म्हणते, बाहुलीला आधी झोपव.

सीटी स्कॅनच्या पेशंटला यातलं काही लागत नाही. ते यंत्र रुंद कड्यासारखं असतं, प्रत्यक्ष स्कॅन काही सेकंदांत आटोपतो. तिथे दोन वाक्यं नीट बोललात तरी पुरे.

कसली भीती, ते विचारा

"भीती वाटते का?" असं विचारलं की पुरुष हमखास "नाही" म्हणतात. "आत काय नको वाटेल?" असं विचारा. मग एकेकाचं वेगळं निघतं. कुणाला अरुंदपणा नको: नळीचा व्यास ६० सेंटिमीटर, नव्या रुंद यंत्रांत ७०. कुणाला आवाज नको. कुणाला तोंडावरची जाळी, म्हणजे डोक्याची कॉइल, नको. कुणाला आपण आत एकटेच राहू असं वाटतं. आणि बऱ्याच जणांना खरं भय रिपोर्टात काय निघेल याचं असतं, त्यावर चष्म्याचा इलाज नाही. तिथे मी खुर्ची ओढून बसते आणि चष्मा कपाटातच राहतो.

चित्रफीत कशी केली

तयार हेडसेट महाग वाटला तर सुरुवात फोन आणि पुठ्ठ्याच्या चष्म्यावर करता येते. गूगलने २०१४ मध्ये ती पुठ्ठ्याची कल्पना आणली, आता तसे डबे काहीशे रुपयांत मिळतात. फोनमध्ये जायरोस्कोप हवा, नाहीतर मान वळवली तरी चित्र वळत नाही. आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका. आमच्या एका आजोबांना चित्रातल्या नळीत जाता जाता पर्सनल लोनचा फोन आला होता.

चित्रीकरणाची पंचाईत अशी की ३६० अंशांचा कॅमेराही चुंबकाच्या खोलीत नेण्याजोगा नाही. मग आमच्या वाड्यावरचा नरकासुराचे पुतळे करणारा पोरगा कामाला आला. दर दिवाळीला वीस-वीस फुटी नरकासुर उभे करणाऱ्याला नळी काय कठीण! बांबूच्या कांबी वाकवून त्यावर पांढरं फ्लेक्स ताणलं, आतून व्यास ६० सेंटिमीटर, लांबी दीड मीटरच्या आसपास. आत बारीक एलईडीची पट्टी. टेबलाऐवजी चाकांची फळी.

पहिली चित्रफीत फुकट गेली. मी कॅमेरा उभ्या माणसाच्या उंचीवर धरला होता आणि पेशंट पाहणार होता झोपून. दुसऱ्या खेपेला कॅमेरा उशीच्या जागी, बरोबर डोळ्यांच्या पातळीवर ठेवला. तरी छतावर मधोमध एक फाटल्यासारखी रेघ. दोन भिंगांची चित्रं जिथे जोडली जातात तिथे जवळची वस्तू दुभंगते. मग कॅमेऱ्याचं एक भिंग सरळ छताकडे केलं, जोड बाजूंना गेला आणि छत स्वच्छ आलं. एक खोट मात्र राहिली. अशा चित्रफितीत अंतर कळत नाही, छत आहे त्याहून लांब वाटतं. त्यावर उपाय फुकटचा आहे. चष्मा काढल्यावर पेशंटचाच तळवा त्याच्या नाकापासून वीतभर वर धरायला सांगते. "काकी, छत इथं असतं." ते त्यांना चष्म्यापेक्षा जास्त पटतं.

आवाज खरेच हवेत. यंत्रातल्या वेटोळ्यांतून वीज झपाझप चालू-बंद होते, चुंबकात ती वेटोळी थरथरतात आणि तोच धडधडाट, शंभर डेसिबलच्याही वर जाणारा. मी कंट्रोल रूममधल्या स्पीकरवरून फोनने तो टिपला: एक टकटक, एक ढर्र, एक लांबलचक भोंग्यासारखा. स्कॅन नसतानाही जो पंपाचा चिवचिवाट चालू असतो तोही घेतला, कारण तो आवाज कसला म्हणून सगळे विचारतात. चष्म्यात मात्र हे सगळं हळू आवाजात लावायचं आणि पायरीपायरीने वाढवायचं, खऱ्याइतकं कधीच नाही. सत्तरीच्या काकांना पहिल्याच फटक्यात पूर्ण आवाज लावलात तर ते तिथूनच घरी जातील.

निवेदन माझ्या आवाजात आहे, मराठीत एक आणि कोकणीत एक. कारण नंतर नळीत माइकवरून त्यांना माझाच आवाज येणार असतो. ओळखीचा प्रॉम्प्टर असला की नट अडखळत नाही, हे बाबांचं. तुमच्याकडे पाळ्या बदलत असतील तर ज्याची पाळी त्याचा आवाज. एकूण सात मिनिटं: दार, कपडे बदलायची खोली, टेबल, कॉइल, फुगा, आत, तीन आवाज, माझं "बरं आहे ना?", बाहेर.

प्रत्यक्ष तालीम

अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशी जमलं तर उत्तम. आमच्याकडे लांबून येतात, म्हणून मी पाऊण तास आधी बोलावते. पेशंटला खुर्चीवर नव्हे, खाटेवर झोपवा. गुडघ्यांखाली उशी, खऱ्या टेबलावर असते तशीच. उजव्या हातात रबरी फुगा द्या. आमचा फुगा जुन्या बीपीच्या यंत्राचा आहे, नळी कापून टाकलेला. "हा दाबलात की मी थांबणार. कारण विचारणार नाही." आणि मग तालमीत एकदा मुद्दाम दाबायला लावा आणि खरोखरच थांबा. हे मी कधीच चुकवत नाही. फुगा दाबला की सुटका होते यावर हातानेच विश्वास बसावा लागतो, तोंडी सांगून बसत नाही.

मग चष्मा. पट्टा सैल करून आधी डोळ्यांवर टेकवा, भिंग नीट दिसतंय का विचारा, मग पट्टा आवळा. गजरा, अंबाड्याच्या पिना आधीच काढून ठेवा, नळीत जाताना तसंही काढायच्याच असतात. सुरू करण्याआधी विचारा, "दहापैकी भीती किती?" दर पायरीला पुन्हा तोच प्रश्न. सहा-सातपर्यंत गेली तर घाई करू नका, चित्र तिथेच थांबवून श्वास. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. आकडा खाली येऊ लागला की पुढे. आठ-नऊ झाली तर एक पायरी मागे, टेबल नळीच्या तोंडाशी असतानाचं चित्र. भीती अगदी शिगेला असताना चष्मा ओढून काढायचा नाही, नाहीतर मनात तेवढंच शेवटचं राहतं. पण पेशंटने स्वतः काढायला हात नेला तर तो हात धरायचाही नाही. सगळी तालीम पंधरा मिनिटांच्या वर नको, डोकं दुखायला लागतं.

डोक्याचा स्कॅन असेल तर चष्म्यानंतर आणखी एक. बाजारातून आणलेली प्लास्टिकची भाजीची टोपली तोंडावर उपडी धरते आणि तिच्या भोकांतून माझ्याकडे बघायला सांगते. हसतात. हसले तर माझं अर्धं काम झालं. खऱ्या कॉइलला आरसा असतो, त्यातून पायांकडचा उजेड दिसतो, तेही तेव्हाच सांगते.

वेळ खरी सांगा. "झालंच, दोन मिनिटं" असं चुकूनही नको. कमरेला वीस-पंचवीस मिनिटं लागतात तर तेवढीच सांगा. कुणी फारच कुरकुरलं तर मी सांगते की ३ जुलै १९७७ ला न्यूयॉर्कमध्ये माणसाच्या शरीराचा पहिला एमआरआय झाला तेव्हा आतल्या माणसाला जवळजवळ पाच तास बसवलं होतं.

मग माटोळी

नळीची ओळख झाली की शेवटची दोन मिनिटं सुखाची. इथे समुद्र चालेल, पण मला त्याहून चांगलं मिळालं. चवथीला आमच्या घरी गणपतीच्या वर माटोळी, म्हणजे फळं टांगलेली लाकडी चौकट, बांधतात, तिच्याखाली उताणं झोपून काढलेला ३६० अंशांचा फोटो. वर चिबूड, तोरिंग, नारळ, सुपारीचं शिपटं, कांगलां. झोपलेल्या माणसाला वर बघायचं असतं आणि माटोळी असतेच वर. मी एकेक फळ ओळखायला सांगते. नळीत गेल्यावर डोळे मिटून तीच फळं डावीकडून उजवीकडे मोजायची. चष्मा दाराबाहेर राहतो, माटोळी आत नेता येते. ज्यांच्याकडे चवथ नसते त्यांच्यासाठी रायबंदरच्या धक्क्यावरून दिसणाऱ्या नदीचा फोटो आहे. आधी मी चालत्या फेरीबोटीतून काढलेली चित्रफीत ठेवली होती. डोळे म्हणतात हलतोय, कान म्हणतो पडून आहे. एका काकांना तिथल्या तिथे उलटी झाली, चूक माझी. चित्र नेहमी स्थिर जागेवरूनच घ्या.

नळीत

क्रम तालमीतलाच ठेवा, शब्दही तेच. टेबल हलण्याआधीच डोळे मिटायला सांगा, वाटल्यास वर रुमाल. कानात बोळे नीट बसले आहेत हे स्वतः पाहा. पंखा लावा. प्रत्येक सिक्वेन्सच्या, म्हणजे स्कॅनच्या एकेका टप्प्याच्या, आधी माइकवरून, "आता टकटकवाला, चार मिनिटं." मध्ये पूर्ण शांतता येते तेव्हाही बोला. त्या शांततेतच माणसाला वाटतं आपल्याला विसरले. गुडघा, घोटा असेल तर पाय आधी आत घालून डोकं बऱ्याचदा बाहेर ठेवता येतं, तिथे इतका खटाटोप नको. धातूची तपासणी करून घरचं माणूस पायाशी उभं करता येतं, कानांत बोळे घालून.

सत्तरीचे एक घुमटवादक, म्हणजे मातीचं तालवाद्य वाजवणारे, आले होते. बाहेर आल्यावर म्हणाले, तिसरा आवाज तालात होता, पण समेवर येत नव्हता, त्याच्यातच वेळ गेला. दुसऱ्या बाजूला एक निवृत्त बार्जवाले. आयुष्य मांडवीवर खनिजाच्या बार्जवर गेलं, तरुणपणी कधीतरी बार्जच्या पोटात अडकले होते. दोनदा तालीम घेतली, दोन्हीदा आकडा नऊच्या खाली येईना. तिसऱ्यांदा मी घेतली नाही. डॉक्टरांनी भूल देऊन स्कॅन करायची सोय असलेल्या ठिकाणी पाठवलं, उपाशीपोटी, सोबत माणूस घेऊन. अशा वेळी "एवढं दाखवलं तरी?" असं कुणालाही म्हणू देऊ नका, घरच्यांना तर नाहीच. दोडामार्गाच्या काकींच्या मुलाला मी हे तेव्हा बोलायला हवं होतं.

चष्म्याची निगा

आपल्याकडच्या पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरायला आठवडा पुरतो. बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. भिंग फक्त कोरड्या मायक्रोफायबरने पुसा, सॅनिटायझर अजिबात नको. तोंडाला लागणारा स्पंज काढून सिलिकॉनचं आवरण बसवा. खोबरेल, पावडर आणि कुंकू स्पंजातून निघत नाही, आणि दुसऱ्या पेशंटला ते डोळ्यांवर का लावावं? प्रत्येकाला नवं कागदी आवरण. उन्हात ठेवू नका, भिंगातून ऊन आत जाऊन पडदा जळतो. रात्री चार्जिंगला लावायचं काम एकाच माणसाकडे द्या, "कुणीतरी लावेल" म्हटलं की शुक्रवारी सकाळी चष्मा बंद.

एक वही ठेवा: आधीचा आकडा, नंतरचा आकडा, स्कॅन पूर्ण झाला का, कुठल्या आवाजाला दचकले. माझ्या वहीत 'ढर्र'समोर इतक्या खुणा झाल्या की तो आवाज मी चित्रफितीत तिसऱ्यावरून पहिल्यावर घेतला, म्हणजे बाकीचे सोपे वाटतात.

हा बदल करताना नळीचं चित्रही नव्याने घ्यायचं होतं. वाड्यावर गेले तर नळी नाही. पोरग्याने फ्लेक्स सोडवून कांबी नेल्या होत्या आणि नरकासुराचा उजवा हात खांद्यापासून मनगटापर्यंत बरोबर ६० सेंटिमीटर जाड झाला होता. तेव्हा चित्रीकरण दिवाळीच्या आधी उरका.